बारा पायल्यांचं पोतं

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाचे डोंगर आजच्यापेक्षा उंच होते की नाही ते मला ठाऊक नाही, पण माणसांची पोटं आजच्याएवढीच होती. तेव्हा लहानांनी ऐका आणि मोठ्यांनीही ऐका.

एक राज्य होतं. त्या राज्यात लागोपाठ दोन वर्षं पाऊस फिरकला नाही. विहिरींचे तळ दिसले, मग घरातल्या कणग्यांचेही तळ दिसले. राजा मनाने चांगला होता. त्याने आपली कोठारं उघडली आणि हुकूम काढला, "दर आठवड्याला प्रत्येक चुलीला एक पायली ज्वारी. मोठ्या पेठेपासून शेवटच्या वाडीपर्यंत. एकही चूल सुटता कामा नये."

राजा शहाणाही होता. हुकूम काढणं सोपं आणि तो पोचवणं अवघड, हे त्याला कळत होतं. म्हणून त्याने गावागावातून एकेक माणूस बोलावला आणि सभा बसवली. सभेला तो म्हणाला, "धान्य माझं, पण नजर तुमची. कोठारी चुकला तर त्याला विचारा, मी चुकलो तर मला विचारा. विचारणाऱ्याला या राज्यात कोणी बोट लावणार नाही."

सभेने काम मनापासून धरलं. तिने एक रीत पाडली. कोठारातून गाडी निघायची झाली, की सभेचा शिपाई यायचा आणि गाडीमागे एक पायली ज्वारी वानगी म्हणून काढून न्यायचा. सोमवारी सभा भरली की वानगीचं तबक फिरायचं. एकेक सभासद चार दाणे तळहातावर घ्यायचा, दाताखाली फोडायचा आणि मान हलवायचा.

"टपोरी आहे."

"कीड नाही."

"खडाही नाही."

मग कोठारी उभा राहून गावांची नावं घ्यायचा. सभापती विचारायचे, "गाडी निघाली?" कोठारी म्हणायचा, "निघाली." पुढचं गाव. "निघाली?" "निघाली." असं करत करत सभा संपायची, आणि सगळे समाधानाने घरी जायचे.

एका सोमवारी अशीच सगळी गावं झाली. शेवटी कोठारी म्हणाला, "शेवटची वाडी. बारा चुली, बारा पायल्या, एक पोतं. उद्या गाडी निघेल."

"निघेल, पण पोचंल का?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. सभेत बसायच्या जागा गावाच्या आकारावर असत. मोठ्या पेठेचा सभासद पुढे, गादीवर. शेवटच्या वाडीची सभासद अगदी मागे, दाराजवळ, चपलांच्या शेजारी. ती एक म्हातारी कुंभारीण होती. इतके आठवडे ती एक शब्दही बोलली नव्हती. आज उभी राहिली होती.

"काय म्हणालात, मावशी?" सभापतींनी विचारलं.

"बारा पायल्या निघत्यात, सभापतीबाबा. आमच्या वाडीत येत्यात सात. पाच चुली दर आठवड्याला थंड. पहिल्यांदा वाटलं, एखाद्या खेपेला चुकलं असंल. आता दोन महिने झाले."

पुढच्या गादीवरून मोठ्या पेठेचा सभासद हसला. त्याला सगळे पेठकर म्हणत. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. "मावशी, तुमच्या वाडीत उंदीर फार माजलेत का?"

सभा हसली. कुंभारीण हसली नाही.

"उंदीर असते, पेठकर, तर त्यास्नीच खाल्लं असतं."

हसू जागच्या जागी विझलं. कोठाऱ्याचा चेहरा मात्र लाल झाला. "म्हणजे मी चोर? माझ्या कोठारातून बारा पायल्या शीग लावून जातात!"

"तुम्हाला चोर म्हनलं का मी? मी एवढंच इचारलं, पोचंल का." तिचा आवाज बारीक झाला. "वाडीनं गाठोडी बांधलीत. या खेपेला बारा आल्या न्हाईत तर बाराच्या बारा घरं घाट उतरून परमुलखात जानार. त्यात आठ म्हातारी हायेत. दोन पोरी दिवस भरल्याल्या. घाटाखाली किती पोचतील, ते मला इचारू नका."

सभापती म्हणाले, "निघाली का, हे आपण दर सोमवारी विचारलं. पोचली का, हे आज पहिल्यांदा कोणी विचारलं. मावशी, उद्या पोत्याबरोबर तुम्ही जा. आणि ज्याला खरं वाटत नाही त्यानेही जावं. पेठकर, तुम्ही. वाटेत कोणाशी भांडू नका. भांडण ऐकलं की चोर सावध होतो. फक्त बघा."

पेठकरच्या अंगात वीरश्री संचारली. "चोर? चोराला काखोटीला मारून आणतो! मी त्या पोत्यावरच बसतो. माझ्या वजनाखालून दाणा काढणारा अजून जन्मायचाय!"

त्यावर मात्र कुंभारीणसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठाऱ्याने स्वतःच्या हाताने माप घातलं. प्रत्येक पायलीवर शीग, अगदी ओसंडेपर्यंत. बारा पायल्या पोत्यात पडल्या, सुतळीने तोंड शिवलं, पोतं गाडीवर चढलं, आणि पोत्यावर पेठकर चढला. गाडी करकरली. चोर पकडायला निघालेली गाडी, म्हणून बघायला ही गर्दी!

तेवढ्यात सभेचा शिपाई धावत आला. "थांबा, वानगी राहिली!"

"अरे हो, ही तर आपलीच," असं म्हणत पेठकर खाली उतरला. सुतळी उसवली, शिपायाने एक पायली काढली, सुतळी पुन्हा शिवली. पेठकर पुन्हा चढून बसला. कुंभारणीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि सभापतींचं बोलणं आठवून मिटलं.

नगराच्या वेशीत देऊळ होतं. पुजारी हातात पायली घेऊनच उभा. "देवाचा वाटा! गाडीमागे पायली."

"घ्या महाराज, घ्या. चांगल्या कामाला देव आधी," पेठकर म्हणाला. उतरला, स्वतः सुतळी सोडली, हात जोडले, पुन्हा चढला.

दुपारी नदी आली. नदी कसली, नुसती वाळू. नाव कडेला पालथी पडलेली आणि तिच्या सावलीत नावाडी बसलेला. गाडी वाळूतूनच पलीकडे गेली. नावाडी मागून पळत आला. "मालक, नदीमायचा वाटा! गाडीमागे पायली."

"अरे, पण नदीत पाणी कुठे आहे? आणि तुझी नाव?"

"पाणी न्हाई, नाव बी न्हाई. पन रीत हाय न्हवं?"

"ते मात्र खरं," पेठकर म्हणाला, आणि उतरला.

घाटमाथ्यावर एक मोठा वड होता. तिथला राखणदार पाखरांचा वाटा घ्यायचा आणि पारावर फेकायचा. सबंध राज्यात माणसांच्या बरगड्या मोजता येत होत्या, पण त्या वडावरच्या पारव्यांच्या माना गुबगुबीत होत्या. "मुकी पाखरं आहेत बिचारी," पेठकर म्हणाला. उतरला, चढला.

बाकी वेळ मात्र काय पहारा दिला त्याने! रस्त्यात झुडूप हललं तरी ओरडायचा, "कोण आहे रे तिकडे?" एका शेरडामागे तर काठी घेऊन धावला. कुंभारणीला दर थोड्या वेळाने सांगायचा, "बघा मावशी, कोणाची माय व्यालीय का पोत्याला हात लावायची!"

कुंभारीण नुसती पोत्याकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी गाडी वाडीत पोचली. चावडीसमोर बारा घरांची माणसं टोपल्या घेऊन उभी होती. प्रत्येक दारात गाठोडं बांधून ठेवलेलं. वाडीचा मापारी पुढे आला. त्याने आधी आपल्या हक्काची पायली काढून बाजूला ठेवली, तशी रीत होती. मग तो मापायला बसला. पहिल्या मापाला आपल्याकडे एक म्हणत नाहीत.

"लाभ!" त्याने पहिली पायली ओतली. "दोन. तीन. चार."

सगळे ओठांतल्या ओठांत मोजत होते.

"पाच. सहा. सात."

आणि पोतं लोळलं.

कोणी ओरडलं नाही. तेच तर भयंकर होतं. टोपल्या घेतलेल्या पाच बायका नुसत्या मागे सरकल्या, दर आठवड्याच्या सवयीने. पेठकरने पोतं उचललं, उलटं केलं, झटकलं, आत डोकं घालून पाहिलं. "असं होईलच कसं? मी डोळ्यांनी बघितलं, बारा घातल्या! मी याच्यावर बसलो होतो!"

मागे सरकलेल्या बायकांतली एक पोटुशी पोर त्याच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "दादा, तुमी बसला व्हता ते खरं. पन उठला किती येळा?"

पेठकरने एक बोट उघडलं. वानगीला. दुसरं उघडलं, वेशीत. तिसरं, नदीवर. चौथं, वडाखाली. मग त्याची नजर मापाऱ्यापुढच्या पायलीवर गेली आणि पाचवं बोट आपोआप उघडलं. आपला पसरलेला पंजा तो बघतच राहिला.

"अरे देवा!" तो जवळजवळ ओरडलाच. "मावशी! मीच! प्रत्येक वेळी मीच उठलो, मीच सुतळी सोडली! माझ्या पेठेच्या गाडीवर वीस पोती असतात. त्यातून पाच पायल्या गेल्या तर आम्हाला कळतही नाही. पण इथे गाडीवर पोतंच एक!"

मापाऱ्याने मान वर केली नाही. त्याने आपली पायली उचलली आणि ढिगात ओतली. "आठ," तो पुटपुटला.

पण चार चुली उरल्याच होत्या. वाडीचा जुना जाणता माणूस, कुंभारणीचा दीर, काठीवर रेलून म्हणाला, "वैनी, तू सबदाची पक्की, म्हनून आजवर थांबलो. आता बास."

"भावजी, मला सहा दिस द्या."

"आठ पायल्यांत बारा घरं सहा दिस?"

"आजवर सातात आठ दिस काढलं न्हवं? सहाव्या दिशी सावली पायाखाली येईपातूर थांबा. गाडी न्हाई आली तर मी बी माझं गाठोडं घिऊन तुमच्या पुढं चालंन."

दिराने वाडीकडे पाहिलं. कोणी नको म्हटलं नाही.

आणि मग काय सांगू! तो भरदार पेठकर, ज्याला गादीवरून उठायला दोन माणसं लागत, तो रिकाम्या गाडीत उभा राहिला आणि त्याने स्वतः कासरे हातात घेतले. गाडी अशी सुटली की वडावरचे सगळे पारवे एकदम उडाले. नदीवर नावाड्याने हात केला, वेशीत पुजाऱ्याने हाक मारली, पेठकर थांबला नाही. डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेला तो माणूस सरळ सभेच्या दारात उतरला आणि शिपायाच्या हातातली घंटा घेऊन त्याने घणाघणा वाजवली.

सभासद धावत आले. कोणाचं पागोटं सुटलेलं, कोणाचा घास अजून तोंडात.

"चोर सापडला?" सभापतींनी विचारलं.

"पाच सापडले!"

सभेत एकच गलका झाला. "नावं सांगा! बांधून आणा!"

"एक वाडीचा मापारी. त्याने आपली पायली तिथल्या तिथे परत टाकली. दुसरा घाटावरचा राखणदार. तिसरा नावाडी. चौथा वेशीतला पुजारी. आणि चोर म्हणतो खरा, पण चोर यातला एकही नाही. प्रत्येकाने रीत पाळली, आणि माझ्या हातून पाळली."

"आणि पाचवा?"

पेठकरने कपाळावरची धूळ पुसली. "पाचवे आपण."

मग जो आरडाओरडा झाला तो विचारू नका. "आपण? आपण तर तपासणारे!" "आम्ही तपासायचं नाही तर काय करायचं?" एक सभासद तावातावाने उठला. "पेठकर, वानगीतला एक दाणा तरी कोणी घरी नेला आहे का? मोहोर लावून सगळी जपून ठेवली आहे! पाहिजे तर दाखवतो!"

"दाखवा," सभापती म्हणाले.

सभेच्या मागे एक खोली होती. शिपायाने कुलूप काढलं. आत जमिनीपासून आढ्यापर्यंत मडकी रचलेली. प्रत्येक मडक्यात एकेका गाडीची एक पायली. प्रत्येक मडक्यावर सभेची मोहोर. सगळं नीट, स्वच्छ, एकही दाणा सांडलेला नाही.

दारात गर्दी करून सगळे बघत होते. यातला एक दाणा कोणी चोरला नव्हता, आणि यातला एक दाणा कोणाच्या पोटात गेला नव्हता.

कोठारी गर्दीत मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "मला तुम्ही दर सोमवारी विचारत होतात. तुम्हाला कोणी विचारायचं, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही."

सभापती वळले. त्यांचं वय ऐंशीच्या घरात होतं, पण तेव्हा ते विशीतल्या गड्यासारखे ओरडले, "बघता काय? गाड्या जुंपा!"

अशी सभा त्या राज्याने कधी पाहिली नव्हती! गादीवर बसणारे मडकी वाहत होते. कोठारी पळत जाऊन शेवटच्या वाडीचं नवं पोतं भरत होता. पाच गाड्या जुंपल्या गेल्या आणि सगळी सभा त्यांत चढली. राजा सज्जातून विचारत होता, "अरे, सभा कुठे चालली?" आणि खालून उत्तर आलं, "सभा भरायला!"

वेशीत पुजारी आडवा आला. "देवाचा वाटा! गाडीमागे पायली!"

सभापती खाली उतरले. आपल्या शिदोरीतली भाकरी काढून त्यांनी देवापुढे ठेवली आणि नमस्कार केला. "महाराज, वाटा चुकवणार नाही. पण आजपासून तो आमच्या शिदोरीतून. पोतं आमचं नाही, मग त्यातून दान आम्ही कसं द्यायचं?"

पुजारी भला माणूस होता. तो भाकरीकडे बघत राहिला, मग आत गेला आणि डोक्यावर एक गोणी घेऊन आला. "देवाला कधी भूक लागल्याचं मी पाहिलं नाही. उंदरांना मात्र लागते. घेऊन जा."

नदीवर नावाडी ओशाळला. त्याने सगळ्या पायल्या नदीमायच्या नावाने वाळूत उधळल्या होत्या, त्याच्याकडे द्यायला काहीच नव्हतं. तो म्हणाला, "मग मी गाड्या ढकलतो." आणि वाळूत रुतलेली एकेक गाडी त्याने खांदा लावून पलीकडे काढली. वडाखाली राखणदाराने फक्त रस्ता मोकळा केला. पारव्यांनी रागाने बरीच घुटुरघूं केली, पण ते काही उपाशी मेले नाहीत. त्यांना पंख होते.

इकडे वाडीत सहावा दिवस उजाडला. सूर्य वर चढत गेला. सावल्या आखडत आखडत पायाशी आल्या. दिराने काठी उभी धरून पाहिली आणि म्हणाला, "चला."

बारा घरांनी गाठोडी उचलली. कुंभारणीने आपलं गाठोडं उचललं आणि बोलल्याप्रमाणे सगळ्यांच्या पुढे झाली. चार पावलं चालली आणि खाली बसली.

"काय झालं, वैनी?"

"पायात गोळा आला."

पुन्हा उठली, दहा पावलं चालली, पुन्हा बसली.

"आता?"

"आता दुसऱ्या पायात."

"वैनी, तू मुद्दाम बसतीस!"

"मग काय मरायला पळत जाऊ?" ती कडाडली. "ज्याला घाई आसंल त्यानं म्होरं व्हावं!"

पुढे कोणी झालं नाही. आणि तेवढ्यात त्या पोटुश्या पोरीने मान वर केली. "घुंगरं वाजत्यात."

सगळे कान देऊन उभे राहिले. खरंच, घुंगरं! घाटाच्या वळणावर धूळ दिसली. एक गाडी. तिच्या मागे दुसरी. तिसरी. चौथी. पाचवी! पुढच्या गाडीत पेठकर उभा होता, दोन्ही हात वर करून ओरडत होता, "मावशी! या खेपेला मी एकदाही उठलो नाही!"

"आरं, तू उभाच हाईस की!" कुंभारीण ओरडली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. गाठोडी धपाधप खाली पडली. माणसं गाड्यांकडे धावली.

त्या दिवशी मापाऱ्याने मापलेलं मोजायला वाडीला बोटं पुरली नाहीत. बारा चुली पेटल्या. सभा तिथेच चावडीसमोर, मातीत बसली. कोण पुढे, कोण मागे, असं काही नव्हतं, कारण सगळे भाकरीच्या वासाने चुलींकडे तोंड करून बसले होते. सभापतींनी एका चुलीवरच्या भाकरीचा एकच घास मागून घेतला, सावकाश चावला आणि म्हणाले, "ही आजची वानगी."

तेव्हापासून त्या सभेची रीत बदलली. कोठाराच्या दारात वानगी काढणं बंद झालं. वाटेत देवाला, नदीला, पाखरांना द्यायचं ते ज्याने त्याने आपल्या शिदोरीतून द्यायचं. दर आठवड्याला सभासद आळीपाळीने सगळ्यात लांबच्या गावी जायचे आणि सगळ्यात शेवटच्या घरात एक घास खायचे. तो घास मिळाला तर काम झालं असं समजायचं. सभेची खोली रिकामी झाली आणि कोठारी तिच्यात गवत भरू लागला.

दुष्काळ आणखी एक वर्ष चालला. त्या वर्षी वाडीतलं एकही घर घाट उतरलं नाही. उलट दोन माणसं वाढली, एक मुलगा आणि एक मुलगी.

बोध एवढाच: मदत कोठारातून निघाली का एवढं विचारून थांबू नये, ती शेवटच्या चुलीवर शिजली का ते जाऊन पाहावं, आणि पाहणाऱ्याने सगळ्यांच्या आधी आपलीच ओंजळ उघडून दाखवावी.